गाडीचे 'मिसिंग' आणि तेलाची गळती
मुलचेरा भागातील एका वाहनाच्या दुरुस्तीवरून

धानाची मळणी आटोपली की मुलचेरा तालुक्यातील रस्त्यांवर वाहनांची वर्दळ वाढते. कोणी धानाची पोती आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्राकडे नेत असतो, कोणी वांगी व मिरची घेऊन आष्टी किंवा आलापल्लीच्या बाजारास निघालेला असतो. १९६० नंतरच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती ह्या तालुक्यात वसल्या. तेथील भाजीपाला व तळ्यांतील मासळीही ह्याच रस्त्यांनी बाहेर जाते. पावसाळ्यात दिना नदी व तिचे नाले भरून आले की पुष्कळ गावांचा संपर्क तुटतो. म्हणून वर्षाची कमाई करून देणारे हे चार-पाच कोरडे महिनेच वाहनमालकाच्या हाती असतात. ह्याच दिवसांत गाडी बिघडली तर केवळ मालकाचे नव्हे, तर तिच्यावर विसंबलेल्या दहा-वीस शेतकऱ्यांचे काम अडते. रात्री-अपरात्री बाळंतिणीस दवाखान्यात पोहोचविणारे वाहनही पुष्कळदा तेच असते.

अशाच एका गावातील धान उत्पादक शेतकऱ्याने चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनाची एक जुनी मालवाहू गाडी घेतलेली होती. डिसेंबर महिन्यात ती 'मिसिंग' करू लागली. रिकामी असता ठीक चाले. परंतु पोती भरून जंगलातील चढावर आली की झटके देई, जोर सोडून देई आणि समोरच्या फलकावरील इंजिनाचा पिवळा दिवा लागे. तेलाची पातळीही दर पंधरवड्यास उतरू लागली होती. तालुक्याबाहेरच्या एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथील कारागिराने तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. तो खालपासून वरपर्यंत तेलाने माखलेला निघाला. "रिंगा गेल्या, इंजिन खोलावे लागेल," असा निर्णय झाला. खर्चाचा जो अंदाज सांगण्यात आला तो एका चांगल्या बैलजोडीच्या किमतीइतका होता. शेतकऱ्याच्या दावणीस बैलजोडीही एकच होती.

विकण्यापूर्वी आणखी एकास विचारावे, म्हणून तो मुलचेऱ्यातील एका तरुण मिस्त्रीकडे गाडी घेऊन आला. ही गोष्ट येथे सविस्तर देण्याचे कारण असे की, त्या मिस्त्रीने पान्यास हात लावण्यापूर्वी अर्धा तास केवळ प्रश्न विचारण्यात घालविला.

"काका, धूर कुठून निघतो? मागून सायलेन्सरमधून, का समोरून बॉनेटखालून?"

"मागून नाही जी. गाडी थांबवली का समोरून जळक्या तेलाचा वास येते."

"खाली गाडी बरी चालते ना?"

"खाली गाडी हरणासारखी पळते. भरली का चढावर झटके मारते."

"ह्याच्या आधी काही बदललं होतं?"

"दिवाळीच्या आधी तीन नंबरची कॉइल नवीन टाकली. महिनाभर मस्त चालली, मग पुन्हा तेच."

ह्या तीन उत्तरांत रोगाचे निदान जवळजवळ पूर्ण झालेले होते. ते कसे, हे समजण्यास इंजिनाच्या कामाची थोडी माहिती हवी.

चार सिलिंडरांच्या इंजिनास चार बैलांच्या नांगराची उपमा देता येईल. चौघांनी आळीपाळीने जोर लावावयाचा असतो. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस प्रत्येक सिलिंडरमध्ये एकदा पेट्रोल व हवेचे मिश्रण पेटते. गाडी उभी असून इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटास ४०० वेळा ठिणगी पडावयास हवी. त्यांतल्या काही ठिणग्या चुकल्या की इंजिन थरथरते; एक सिलिंडर पुरते बंद पडले की तीन बैल चौथ्यास ओढत चालल्यासारखी स्थिती होते. ह्यालाच कारागीर 'मिसिंग' म्हणतात. ठिणगी न मिळणे, इंधन न मिळणे किंवा दाब न टिकणे, अशी त्याची तीन मूळ कारणे आहेत. रिंगा झिजणे हे तिसऱ्या प्रकारात येते. ते खर्चिक असल्यामुळे त्याचा विचार सर्वांच्या शेवटी करावयाचा असतो. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा तोच सर्वप्रथम केला जातो.

ठिणगी पाडण्यासाठी बॅटरीतील १२ व्होल्टची वीज कॉइलमधून जाताना साधारण १०,००० ते ३०,००० व्होल्टपर्यंत चढविली जाते. प्लगच्या टोकाशी सुमारे १ मिलिमीटरची फट असते. ती ओलांडून वीज पलीकडे जाते आणि ठिणगी दिसते. ही फट मोकळ्या हवेत ओलांडणे सोपे, दाबलेल्या हवेत कठीण. गाडी भरलेली असून चढावर असताना चालक पॅडल दाबतो, सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण शिरते, दाब वाढतो आणि ठिणगीस अधिक व्होल्ट लागतात. नेमक्या ह्याच वेळी विजेला दुसरीकडे सोपी वाट मिळाली तर ती प्लगच्या टोकापर्यंत न जाता त्या वाटेने निसटते. म्हणून रिकामी असता बरी चालणारी आणि भरली की झटके देणारी पेट्रोल गाडी बहुधा ठिणगीच्या दोषाने आजारी असते, हा अनुभव शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावा.

आता ह्यात तेल कोठून आले?

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. त्या सुमारास विकास गटांच्या कामासाठी ज्या जीपगाड्या खेडोपाडी हिंडत, त्यांच्या इंजिनातील प्लग बाहेरून उघडे दिसत असत. बॉनेट उचलले की हात सरळ प्लगवर पडे. आजच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांत तसे नाही. ज्या दांड्यामुळे व्हॉल्व्ह उघडतात तो दांडा इंजिनाच्या डोक्यावर असतो आणि त्यावर टॅपेट कव्हर बसविलेले असते. प्लग मात्र सिलिंडरच्या मधोमध हवा, म्हणून ह्या कव्हरमधून खाली उतरणारा खोल, अरुंद खड्डा ठेवून त्याच्या तळाशी तो बसवितात. खड्ड्याच्या चोहोबाजूंनी वंगणाचे गरम तेल खेळत असते. तेल आणि प्लग ह्यांच्यामध्ये असते ती केवळ एक रबरी सील आणि टॅपेटचे पॅकिंग. उष्णतेने काही वर्षांत रबर कडक होते, त्यास भेगा पडतात आणि तेल थेंबाथेंबाने खड्ड्यात उतरू लागते. वरून कॉइलची टोपी घट्ट बसलेली असल्यामुळे ते बाहेरून दिसत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. शुद्ध तेल हे विजेचे वाहक नव्हे. तेल लागल्याबरोबर ठिणगी बंद पडते असे नसते. कॉइलचे जे रबरी टोक प्लगवर बसते, ते तेलात भिजून फुगते व मऊ पडते. तेलात धूळ, काजळी आणि ओलावा मिसळतो. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अंगावरून वीज हळूहळू वाट काढते व ज्या मार्गाने ती जाते तेथे कोळशाची बारीक काळी रेघ उमटते. एकदा ही रेघ उमटली की पुढच्या विजेस आयतीच पायवाट मिळते. नवी कॉइल टाकली की टोपीही नवी येते, म्हणून काही दिवस गाडी उत्तम चालते. परंतु खड्ड्यात तेल तसेच असेल तर नवी टोपीही भिजते आणि दोष परत येतो. शेतकऱ्याने दिवाळीपूर्वीच्या कॉइलविषयी जे सांगितले, त्याचा अर्थ मिस्त्रीच्या ध्यानात तत्काळ आला तो ह्यामुळे.

तरीही त्याने तर्कावर न थांबता पडताळा घेतला. इंजिन चालू ठेवून त्याने एकेका कॉइलचा वायरीचा जोड काही सेकंदांसाठी सोडविला आणि पुन्हा लावला. पहिला, दुसरा व चौथा सोडविताच इंजिन अधिक थरथरले. तिसरा सोडविला तेव्हा काहीच फरक पडला नाही. काम न करणारा बैल काढला काय, ठेवला काय, सारखेच. ही चाचणी करताना कॉइलला जाणारा कमी व्होल्टचा जोडच सोडवावा. जुन्या गाड्यांत प्लगवर जाडी वायर असते. ती चालू इंजिनात उघड्या हाताने ओढू नये, जबर धक्का बसतो. तसेच ही चाचणी लांबवू नये; त्याचे कारण पुढे येईल. ज्यांच्याजवळ स्कॅनर असेल त्यांस हेच उत्तर यंत्र देते. पडद्यावर पी ०३०३ असा संकेत दिसला तर तो तिसऱ्या सिलिंडरविषयी असतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक होय. मात्र ठिणगी का चुकली, हे कोणताही स्कॅनर सांगत नाही.

इंजिन थंड होऊ दिल्यावर त्याने तिसरी कॉइल उचलली. तिच्या रबरी टोकास चिकट काळे तेल लागलेले होते. बॅटरीच्या दिव्याने खड्ड्यात पाहता तळाशी तेलाचे डबके दिसले. आणि येथेच पहिल्या गॅरेजातील चूक उघड झाली. तेथे खड्डा न पुसताच प्लग काढण्यात आला होता. प्लगचे आटे सैल होताच वरचे तेल आट्यांवरून खाली ओघळले आणि प्लगचे टोकही माखले. टोकास तेल पाहून ते सिलिंडरमधून आले, असे मानले गेले. वास्तविक ते वरून आलेले होते. एवढ्याशा घाईपायी एका कुटुंबाची बैलजोडी विकली जाण्याची वेळ आली होती.

मिस्त्रीने लांब काडीस स्वच्छ फडके गुंडाळून खड्डा टिपून काढला, नंतर पंक्चरच्या दुकानातील हवेने उरलेली घाण उडविली. हवा मारताना डोळ्यांवर चष्मा असावा, कारण खड्ड्यातील वाळूचे कण वर उडतात. मग प्लग काढला. आता त्याचे टोक तेलकट नव्हते. पेट्रोलने ओलसर होते आणि त्यास पेट्रोलचा वास येत होता. म्हणजे इंधन येत होते, ठिणगी पडत नव्हती. वरच्या पांढऱ्या अंगावर मात्र काळी रेघ स्पष्ट होती.

प्लग वाचता येणे ही मोठी उपयोगाची विद्या आहे, आणि तिला पैसा लागत नाही. टोक फिकट तपकिरी असेल तर सिलिंडर निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक किंवा हवा कमी. हवेची जाळी तपासावी. टोकावर ओले, चकचकीत काळे तेल असेल आणि खड्डा कोरडा असेल, तरच रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा संशय घ्यावा. त्या वेळी सायलेन्सरमधून निळसर धूरही बहुधा दिसतो. ह्या गाडीत मागून धूर नव्हता, समोरून जळका वास होता. तेल टॅपेट कव्हरच्या मागील कडेने गळून एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडत होते आणि तेथे जळत होते. पातळी उतरण्याचे रहस्यही तेच.

रिंगांविषयीचा संशय पुरता फिटावा म्हणून चारही सिलिंडरांचा दाब मोजण्यात आला. पेट्रोल इंजिनात हा दाब सामान्यतः दर चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलोग्रॅमच्या आसपास असतो व सिलिंडरा-सिलिंडरांत साधारण १ किलोग्रॅमहून अधिक फरक नसावा. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. इंजिन खोलण्याचा प्रश्न तेथेच मिटला.

एखाद्याचे काम येथे संपले असते. सील व पॅकिंग बदलून गाडी हवाली केली असती, तरी शेतकरी समाधानाने घरी गेला असता. परंतु सील एवढ्या लवकर का गेली, ही शंका मिस्त्रीच्या मनात राहिली होती. कव्हर उतरविण्यापूर्वीच त्याने इंजिन पुन्हा चालू करून तेल भरण्याच्या तोंडावर कागदाचा तुकडा धरला. निरोगी इंजिनात कागद किंचित आत ओढला जातो. येथे तो फडफडून बाहेर ढकलला जात होता. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. तो बाहेर काढून पुन्हा इंजिनात जाळण्यासाठी ब्रीदरची नळी व तिच्यात एक लहान झडप असते. ती तुंबली की इंजिनाच्या पोटात दाब साठतो आणि तेलास जेथे दुबळी जागा सापडेल तेथून बाहेर रेटतो. झडप काढून कानाजवळ हलविली तर आतील तुकडा वाजावयास हवा. ह्या गाडीची झडप चिखलासारख्या काळ्या थराने मुकी झालेली होती. रोज दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, इंजिन पुरते तापण्यापूर्वीच बंद करणे आणि तेल बदलण्यास केलेला उशीर ह्यांमुळे असा थर जमतो. तेल गळते म्हणून शेतकरी वरचेवर ओतीत राहिला आणि पातळी खुणेच्या वर गेली, हीही एक भर पडली होती. ब्रीदर तसाच ठेवून नुसती सील बदलली असती, तर पावसाळ्यापूर्वीच तेल पुन्हा खड्ड्यात उतरले असते.

सुटे भाग चंद्रपूरहून मागविण्यात आले: टॅपेटचे पॅकिंग, चार प्लग सील, ब्रीदरची झडप, एक रबरी टोपी व चार प्लग. काही इंजिनांत प्लगची सील वेगळी मिळत नाही, पूर्ण कव्हरच घ्यावे लागते; म्हणून मागणी करताना इंजिनाचा क्रमांक कळवावा. ह्या सर्वांचा खर्च बैलजोडीच्या तर नाहीच, पण एखाद्या बोकडाच्या किमतीतही बसण्याजोगा होता.

कव्हर उतरविल्यावर जुन्या पॅकिंगचे तुकडे खरवडून काढावे लागतात. तेथे धातूचा पाना वापरून ॲल्युमिनियमवर ओरखडे पाडू नयेत. लाकडाची किंवा कठीण प्लास्टिकची पट्टी पुरते. पुष्कळ कारागीर खात्रीसाठी पॅकिंगला सर्वत्र सीलंट फासतात. त्याचे जादा झालेले तुकडे आत पडतात, तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात आणि वंगण बंद पडून इंजिन जाते. निर्मात्याने जेथे सांगितले असेल, म्हणजे बहुधा कोपऱ्यांच्या सांध्यांवर, तेथेच त्याचा ठिपका द्यावा. कव्हरचे बोल्ट लहान असतात. साधारण १ किलोग्रॅम-मीटर किंवा त्याहून कमी जोर त्यांस पुरतो. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून कडेकडे जावे व दोन-तीन फेऱ्यांत सारखे आवळावे. जोर अधिक लावल्यास रबर चिरडते किंवा आटे तुटतात, आणि गळती थांबण्याऐवजी वाढते. नवा प्लग प्रथम बोटांनी बसवावा, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. वायसर असलेला नवा प्लग टेकल्यानंतर साधारण अर्धा फेरा आवळला की पुरे.

वर राहून गेलेली गोष्ट आता सांगावयास हवी, कारण तीत धोका आहे. मिसिंग करणाऱ्या सिलिंडरमधील पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जाते. आजच्या गाड्यांत तेथे धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. न जळालेले पेट्रोल त्यात पेटते, ते अतोनात तापते व आतील जाळी वितळू शकते. त्याची किंमत सीलच्या किमतीहून कितीतरी अधिक असते. चालू गाडीत इंजिनाचा दिवा सतत न राहता उघडझाप करू लागला तर ती बहुधा ह्याचीच सूचना असते. अशा वेळी वेग कमी करून गाडी सोयीच्या जागी थांबवावी. आणि ती जागा खळे नसावी. धान पोहोचविण्याच्या दिवसांत गाड्या थेट तणसावर उभ्या केल्या जातात. खाली तापलेले कन्व्हर्टर, वर एक्झॉस्टवर ठिबकणारे तेल आणि मध्ये कोरडे तणस! वर्षाचे वैरण आणि गाडी दोन्ही एकदम जाण्यास आणखी काय हवे? उन्हाळ्यात सागाच्या वाळलेल्या पानांवर गाडी उभी करतानाही हीच काळजी घ्यावी.

पंपाच्या डिझेल इंजिनात प्लगच नसतो, म्हणून त्यास हा विकार होत नाही. तेथे ठोके चुकू लागले तर प्रथम डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का हे पाहावे. सांध्यातून डिझेल बाहेर ठिबकत नसले तरी हवा आत ओढली जाऊ शकते. त्यानंतर डिझेलचा फिल्टर व नॉझल तपासावे.

दुरुस्तीनंतर गाडीवर मुद्दाम पोती लादून तीच चढण पुन्हा चढून पाहण्यात आली, कारण रिकाम्या गाडीवर घेतलेली परीक्षा ह्या रोगात निरुपयोगी ठरते. झटका आला नाही. स्कॅनरवरील जुना संकेत पुसून टाकला. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवण्यात आला. सकाळी तो कोरडा होता. आठ दिवसांनी मिस्त्रीने तिसरी कॉइल उचलून खड्ड्यात पुन्हा दिवा धरला व कोरड्या फडक्याची काडी तळापर्यंत फिरविली. फडके पांढरेच बाहेर आले. त्या आठवड्यात गाडीने खरेदी केंद्राच्या चार फेऱ्या केल्या होत्या. बैलजोडी दावणीसच होती.